एक टप्पा

छर्रे मी दिले.
माझ्या टिपरच्या वॉटर पंपाच्या बेअरिंगमधले,
सात वर्षं अंगणात उभा राहून गंजलेल्या.
रॉकेलात बुडवले, घासले,
सांतानच्या मुलाच्या तळहातावर मोजून ठेवले.
शहरातून मागवलेला चेंडू वाजेनासा झाला होता
आणि नवा यायला चवथ उजाडली असती.
त्याने पोट उघडलं, छर्रे भरले, चिकटवलं,
कानाशी धरून हलवलं.
म्हणाला, आवाज जरा जाड आहे. चालेल.

पिसुर्ल्याच्या या पठारावर
तेव्हा हा खेळ झालाच नसता.
पहाटे चारपासून टिपरची रांग, बंपरला बंपर,
त्यातलाच एक मी, हॉर्नवर तळहात ठेवून.
घरी बायको बोलायची
ते मी ओठांवरून वाचायचो.
मग खाण बंद पडली.
बँकेचे हप्ते राहिले, आवाज गेला.
पहिल्या रात्री झोप नाही,
कानात रिकामी ट्रॉली खडखडत होती.
एवढ्या शांततेचं काय करतात
आम्हां डोळसांना माहीत नव्हतं.
या पोरांना होतं.

आज कुडचड्याची टीम आली,
कदंबाच्या बसमधून, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.
मी अंपायर. पट्ट्या तपासल्या.
ज्याला काहीच दिसत नाही
त्याच्याही डोळ्यांवर पट्टी हवी.
शेवंती दर मॅचला विचारते,
बंद दाराला कडी कशाला, माम?
मी म्हणतो, नियम.

तयार?
तयार.
खेळ!
आणि चेंडू जमिनीलगत खुळखुळत निघतो.
तेवढ्यात कोणी शिंकायचंसुद्धा नाही.
मासळीवाला इंजिन बंद करून
स्कूटर ढकलत नेतो पठाराच्या कडेने.
चेंडू गवतात थांबला की संपला.
थांबलेला चेंडू म्हणजे नसलेला चेंडू.
अकराजण आपापल्या जागी, माना तिरप्या,
कुणाचा तरी पाय लागेपर्यंत.

माझे वडील रात्री दोनला
ट्रान्झिस्टर उशीखाली घेऊन
वेस्ट इंडीजमधली मॅच ऐकायचे.
लाटांसारखा येणारा जाणारा आवाज,
कधी चौकार ऐकू यायचा, कधी नुसती खरखर.
त्यांनी ब्रिजटाउनचं मैदान कधी पाहिलं नाही.
स्लिप कुठे, गली कुठे
अंधारात बोटाने चादरीवर दाखवायचे.
चुकायचे नाहीत.

शेवटच्या षटकात कुडचड्याला पाच हव्या होत्या.
बॅटवर इनास, पूर्ण अंध,
म्हणजे त्याची एक धाव वहीत दोन.
गुडघा टेकून त्याने स्वीप मारला.
चेंडू उंच गेला,
वर असताना तो वाजलाच नाही, की मला ऐकू आला नाही.
एक टप्पा,
आणि शेवंतीने तो छातीशी आवळून धरला
भरली घागर धरावी तसा.

टप्पा पडला! नॉट आऊट!
बघणारे सगळे एका सुरात ओरडले.
त्यांनी नीट पाहिलं होतं.
पण पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने
एका टप्प्यावर घेतला तरी तो झेलच.
मी बोट वर केलं, सवयीने,
मग ध्यानात आलं, कोणासाठी?
आऊट, म्हणून ओरडलो.
इनास तोवर दहा पावलं चालून गेला होता.
टप्पा त्यानेही मोजला होता.

कंपनीचा फोन आला होता सकाळी.
लिलाव झाला, खाण सुरू होतेय,
लायसन्स चालू आहे ना?
हो, म्हटलं. पोरीची फी आहे, कर्ज आहे,
आणि खरं सांगतो, स्टिअरिंगची आठवणही आहे.
इथे कुणाला बोललो नाही.

सगळे पांगल्यावर
शेवंतीने चेंडू माझ्या हातात दिला.
पंपात परत घालावे लागतील ना, माम?
मी गप्प.
इतका घट्ट धरला मी तो
की एक छर्राही हलेना.
ती थांबली. मान तिरपी केली.
आहे ना हातात?

मी हलवला.